नकाशाच्या पाठीवर

॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
२१ सप्टेंबर २००४

ती. अण्णांस,

धाकट्या एकनाथाचा शि. सा. न. सरलावहिनींनाही नमस्कार सांगावा. देवाच्या दयेनं इथं तिघेही धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळावं.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून मनातलं सांगता येत नाही, म्हणून पुन्हा कागदच बरा. दीड दिवसाचे गणपती परवा पोहोचवले. इथं तळ्यात सोडू देत नाहीत, म्हणून अंगणात मोठ्या टबात. टबापुढे हात जोडताना दरवर्षी थोडं चुकल्यासारखं होतं, पण देव समजून घेत असावा. तीस-पस्तीस माणसं जेवली. त्याआधी शोभनानं घर असं आवरलं की माझे मोजेही सापडेनात. टेबलावरचे सगळे कागद तिनं एका गठ्ठ्यात कोंबले. त्यातच हा मोठा, जाड पाठकोरा मिळाला. एवढा चांगला कागद एका बाजूनं वाया जाऊ देणं मला जमत नाही, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या बाजूला आमच्या मैत्रीनं काही रेघोट्या ओढल्या आहेत. तिकडे लक्ष देऊ नये.

मैत्रीबद्दलच लिहायचं होतं. तिला सतरावं लागलं. ती नकाशे काढते, पण नसलेल्या देशांचे. शनिवारी दुपारी चार-पाच मुलंमुली आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. मध्ये नकाशा. एकजण सांगतो की तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलात, आता काय करता. बाकीचे कुणी वैद्य, कुणी चोर अशी सोंगं घेऊन उत्तरं देतात, वीस बाजूंचा फासा टाकतात आणि वहीत लिहून घेतात. चार-चार तास. मी एकदा विचारलं की जिंकतं कोण. सगळी एकमेकांकडे बघून हसली. कुणीच जिंकत नाही म्हणे. मग संपतो कधी, तर तसा संपतही नाही. हा मुलूख आहे तरी कुठं, असं विचारलं, तर मैत्री मान खाली घालून इंग्रजीत म्हणाली की कुठंच नाही.

असे नकाशे काढणाऱ्यांची इंटरनेटवर एक जागा आहे. तिथं ती आपले नकाशे ठेवते आणि जगातलं कुणीही ते उचलून त्यावर स्वतःचा खेळ मांडतं. तोंड न पाहिलेल्या माणसांना ही पोर डोंगर आणि नद्या वाटत बसते. मी शोभनाला म्हणालो की गणितात एवढं चांगलं डोकं होतं, ते नसलेल्या नद्यांत वाहून चाललं आहे. मैत्रीनं ते ऐकलं असावं.

अण्णा, तुम्हालाच लिहितो. मला माझ्या मुलीची भीती वाटते. ती वरच्या खोलीत असते, दार उघडं असतं, आणि मी अर्ध्या जिन्यातून परत येतो, कारण आत जाऊन काय बोलायचं हे मला सुचत नाही. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल. तोवर ती कोण आहे हे मला कळलं नाही, तर मग कधी कळणार?

आपली माया आहे ती तशीच राहू द्यावी.

आपला
एकनाथ

॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
४ ऑक्टोबर २००४

ती. अण्णांस,

शि. सा. न. घाईत लिहितो, अक्षराची क्षमा असावी.

मागचं पत्र मी ज्या कागदावर लिहिलं, त्याच्या पाठीवर रेघोट्या नव्हत्या. मैत्रीनं सबंध उन्हाळाभर शाईनं काढलेला नकाशा होता. त्याची दुसरी प्रत नाही. आमचा स्कॅनर लहान, म्हणून ती तो लायब्ररीतल्या मोठ्या मशीनवर नेणार होती. शोभनाच्या आवराआवरीत तो पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात गेला, आणि मी त्याला चार घड्या घालून, वर तिकिटं चिकटवून, सातासमुद्रापार पाठवून दिला.

आठ दिवस पोर घरभर शोधत होती. सोफा उचलून पाहिला, केराचे डबे उपसले. मला विचारलं, तेव्हा मी तिच्याबरोबर सोफ्याखाली वाकून शोधायला लागलो. खरंच तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शोधता शोधताच आलं. त्यानंतर तीन दिवस मी गप्प राहिलो. रोज सकाळी दिवा लावताना ठरवत होतो की आज सांगायचं. शेवटी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की तू त्याच्यावर पत्र लिहिलंस? मी हो म्हणालो. मग कुणाला, म्हणाली. काकाला, म्हणालो. ती वर गेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन खोलीत जाते. इंटरनेटवरच्या तिच्या मंडळींना तिनं कबूल केलं होतं की नवा मुलूख ऑक्टोबरात देईन. ती सगळी वाट बघत आहेत, असं शोभनाकडून समजलं.

आज तुम्हाला फोन लावला होता. मी नकाशा, नकाशा म्हणत राहिलो आणि तुम्ही छान आहे, बघतोय, असं म्हणत राहिलात. मग लाइन गेली. काय बघताय ते कळलं नाही, म्हणून जीव टांगणीला लागला आहे. कृपा करून त्याला आणखी घडी घालू नये, त्यावर काही ठेवू नये, आणि पेन तर जवळही आणू नये. रजिस्टरनं पाठवून द्यावा.

रागावू नये, विसरू नये.

आपला
एकनाथ

॥ श्री ॥

कोरेवाडी, जि. सातारा
५ ऑक्टोबर २००४

चि. एकनाथ यास,

अ. उ. आ. सौ. शोभनाला व मैत्रीलाही. आम्ही दोघं ठीक. गुडघा जिना चढतो, उतरताना कुरकुरतो.

तुझं पत्र परवा मिळालं. मागं लक्ष देऊ नये असं लिहिलंस, त्यामुळे आधी मागंच पाहिलं. एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला नकाशा पाठवून लक्ष देऊ नका म्हणतोस. तुझी वहिनी म्हणाली की भावजींना तिकडं जमीन घ्यायची असेल आणि तुम्हाला सरळ विचारायची लाज वाटत असेल. मलाही ते पटलं. म्हणून दोन दिवस बसून सबंध तपासला आणि दुरुस्त्या लाल शाईनं जिथल्या तिथं लिहिल्या. काल फोनवर तू फारच अधीर झालेला दिसलास. काळजी करू नकोस, काम पुरं झालं आहे. उद्या रजिस्टरनं टाकतो. एवढी दुरुस्ती झाल्याखेरीज इसार मात्र देऊ नकोस.

हात सुरेख आहे, पण नदी खाली उतरताना फुटून दोन झाली आहे. असं कधी होत नाही. नद्या एकमेकींना मिळतात, भांडून वेगळ्या होत नाहीत. उत्तर दिशा दाखवलेली नाही. परिमाण नाही, त्यामुळे हे अंतर कोस आहे की हात, कळायला मार्ग नाही. वाट डोंगरावर सरळ चढवली आहे, तिथं शेळीसुद्धा वळण घेईल.

नावं वाचून मात्र मी चष्मा पुसला. गावठाण, पाणंद, शीव. इंग्रजी अक्षरांत, पण आपलीच. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात, तेव्हा पोर दोन दुपारी माझ्याजवळ बसून मोजणीची जुनी टिपणं उलगडून बघत होती. मला वाटलं होतं, बाहेर ऊन आहे म्हणून बसली आहे. पण पोटखराब्याची तिनं दलदल करून टाकली आहे. भोवती कवट्या काढल्या आहेत, आणि तिथलं पाणी प्यायलं की माणसाचं पोट बिघडतं असं बारीक अक्षरात लिहिलं आहे. मी एकटाच इतका हसलो की वहिनी बाहेर आली. पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातली पिकाखाली न येणारी जागा. विहीर, ओढा, खडक, येण्याजाण्याची वाट, शेंदूर लावलेला दगड. त्या जागेवर सरकार सारा बसवत नाही. हे सगळं तिथं समासात लिहिलं आहे.

मुलीची भीती वाटते असं लिहिलंस, ते दोनदा वाचलं. यावर लाल शाईनं काही लिहिता आलं नाही.

आठवणीत ठेव.

तुझा
अण्णा

॥ श्री ॥

कोरेवाडी, जि. सातारा
२० ऑक्टोबर २००४

चि. एकनाथ यास,

अ. उ. आ. तुझं चार तारखेचं पत्र आज हातात पडलं. रजिस्टर जाऊन चौदा दिवस झाले आहेत, ते काही मला परत बोलावता येत नाही. वहिनी पत्र वाचल्यापासून एवढंच विचारते की पोरीच्या चित्रावर लाल शाई ओतायची बुद्धी तुम्हाला झाली कशी. नोकरीत कुणी कागद पुढं केला की तो तपासायचा, एवढंच मी शिकलो.

मी तिला माफीचं पत्र लिहायला बसलो आणि सोडून दिलं. माझी माफी मी कधीही मागेन. तू माझ्या आड लपू नयेस, एवढ्यासाठी थांबलो. नकाशा आला की दारात ठेवून पळू नकोस. हातात दे, आणि तिथंच उभा राहा.

तुझा
अण्णा

॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
२२ नोव्हेंबर २००४

ती. अण्णांस,

शि. सा. न. तुमचं दुसरं पत्र उशिरा आलं. तोवर मी नकाशा दारात ठेवून पळालो होतो.

पाकीट उघडून लाल शाई पाहिली. अर्ध्या जिन्यावर थोडा वेळ बसून नामस्मरण केलं, मग चवड्यांवर वर गेलो, उंबऱ्यात ठेवला आणि खाली येऊन आधीच घासलेली भांडी घासत बसलो. तासाभरानं ती खाली आली. नकाशा माझ्यापुढं पसरला, एका लाल ओळीवर बोट ठेवलं आणि हे काय आहे म्हणाली. महिन्याभरानं पहिला शब्द. मराठी ती पहिलीतल्या मुलासारखी वाचते, आणि तुमचं अक्षर तर मलाही जड जातं. मी वाचून दाखवायला लागलो. शेळीपाशी ती हसली. पोटखराब्यापाशी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला इतके दिवस खरंच वाटत होतं की आपल्या गावाला पोट बिघडवणारी एक जागा आहे आणि काकानं ती सरकारी कागदावर नोंदवली आहे. मग कितीतरी वेळ ती विहीर आणि दगडाबद्दल विचारत राहिली. जिथं राजाचा सारा नाही, तिथं राजाचा हुकूम तरी चालतो का, असं विचारलं. तिनं स्वतःच ठरवलं की चालत नाही.

मी समजत होतो की ती नवा काढेल. तिनं तो तसाच, घड्या आणि लाल शाईसकट, लायब्ररीत नेऊन स्कॅन केला आणि इंटरनेटवर ठेवला. त्या मुलखात आता लाल शाईवाला नावाचा राजाचा मोजणीदार आहे, सगळे त्याला घाबरून असतात. नॉर्वेच्या एका माणसानं लिहिलं आहे की नदीच्या बाबतीत लाल शाईवाल्याचं बरोबर आहे. हे तुम्हाला मुद्दाम कळवतो. यात मोठेपणा काय ते मला समजलेलं नाही, पण मैत्रीच्या मते आहे.

मात्र तिनं पाठही ठेवली. माझं पत्र. लोक विचारायला लागले की ही लिपी कुठली आणि यात काय लिहिलं आहे. परवा शनिवारी तिची मंडळी आली होती. मी देवाला फूल वाहून बाहेर आलो, तर तिनं मला खुर्ची दिली, तो कागद उलटा करून माझ्या हातात ठेवला, आणि सगळ्यांना सांगितलं की ज्याचं पत्र आहे तोच वाचेल. मुलांनी हातातले फासे खाली ठेवले.

मी वाचायला सुरुवात केली. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी किती शांत बसली होती. तुमच्या गुडघ्यावर, गणपतीच्या टबावर त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग नसलेल्या नद्यांची ओळ दिसली आणि मी थांबलो. त्या सबंध टेबलावर ती ओळ कळणारं एकच माणूस होतं. मनात आलं की गाळावी, कुणाला समजणार आहे. मैत्री कागदाकडे बघत नव्हती, टेबलाच्या लाकडावरून नख फिरवत होती. तिनं मान वर न करता मराठीत सांगितलं की बाबा, गाळू नकोस, मी एकदा वाचलं आहे, पण मला खूप वेळ लागला होता.

मग मी वाचलं. डोकं वाहून चालल्याचं वाचलं, भीतीचं वाचलं, जिन्याचंही वाचलं. शेवटी आपला असं म्हणून माझं नाव वाचलं.

त्यांच्यात एक उंच, लाल केसांचा मुलगा आहे. त्यानं हळूच विचारलं की पत्रात आहे तरी काय. मैत्रीनं थोडा विचार केला आणि म्हणाली की शेजारच्या दोघांचा हद्दीचा वाद आहे. त्यानं विचारलं की कोण जिंकलं. ती म्हणाली की अजून मोजणी चालू आहे.

ते ऐकून मला काय वाटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तुमच्या खात्याची भाषा आहे, तुम्हाला कदाचित कळेल.

दोघांनी प्रकृतीला जपावं, आणि आम्हा तिघांना आपलं म्हणत राहावं.

आपला
एकनाथ