भुरीसाठी लिहिलेल्या सूचना

देवपूर, धुळे
ता. १७ नोव्हेंबर १९१८

प्रिय सुंदर,

तुझं परवाचं कार्ड मिळालं. पुनाचा ताप उतरला, तो उठून बसतो, पेज खातो, हे वाचून बरं वाटलं. आणखी आठ दिवस त्याला अंगणात पळू देऊ नकोस. या मानमोडीच्या साथीत ताप उतरल्यावर छाती भरून आलेली मुलं मी इथं पाहिली आहेत. कार्डाच्या शेवटी तू नेहमीप्रमाणे लिहिलं आहेस, 'भुरी मजेत आहे. सकाळी अर्धी भाकरी खाते, रात्री दूध पिते.' हे पत्र भुरीबद्दल आहे.

इथल्या शाळेत दवाखाना उघडून दीड महिना झाला. बाकं बाहेर काढून वर्गांत चटया टाकल्या आहेत. चौसष्ट रोगी आणि आम्ही दोघी नर्स. दिवसातून तीनदा प्रत्येकाचा ताप, नाडी आणि श्वास लिहून घ्यायचा. एखाद्याचा आकडा तीनदा अगदी तोच आला, तर मी रोगी सुधारला असं मानत नाही, थर्मामीटर बदलते. तुझ्या कार्डांवर अर्धी भाकरी आणि दूध सात वेळा आलं. भुरीनं कधी दुधाला तोंड लावलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी समजले, पुना आजारी, सासू अंथरुणाला, तू दमून लिहीत असशील. थर्मामीटर बदलायचं मला सुचलं नाही.

ऑक्टोबरच्या चार तारखेला मी तिला तुझ्याकडे सोडलं तेव्हा तुझ्या हातात चार पानं दिली होती. तू हसली होतीस. म्हणालीस, मंजुळे, एवढ्या सूचना तर माझ्या बाळंतपणातही कुणी दिल्या नव्हत्या. मी हसले नाही, कारण घाई होती आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला हवं होतं. आजारी माणसाच्या खोलीत भुरीला येऊ देऊ नये. त्याचं उष्टं तिला घालू नये. तिला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. कुणी सांगितलं तरी तिच्या अंगावर फिनेल टाकू नये, ती अंग चाटते. घरातले सगळेच पडले तर तिला कोण बघणार, ते आधीच ठरवून ठेवावं. आणि खाणं एकाच माणसानं घालावं, म्हणजे तू. भुसावळच्या रुळांजवळ ती पिल्लू असताना मला सापडली तेव्हापासून मी तिला परक्या हातचं खाऊ दिलेलं नाही. तुझ्या हाताची सवय व्हायला तिला तीन दिवस लागतील, असंही लिहिलं होतं.

तिसऱ्या पानावर, वरून दुसरं वाक्य असं होतं: 'कुत्र्यापासून हा ताप माणसाला झाल्याचं मी कुठं पाहिलेलं नाही, माणसाचा तिला लागू नये, म्हणून ही काळजी.' नक्की ठाऊक नसलेली गोष्ट मी नक्की म्हणून लिहीत नाही, म्हणून ते तसं लिहिलं.

एक चूक माझीही आहे, ती आधी मांडते. आपण सात-आठ वर्षांच्या होतो तेव्हाचा गाठीचा ताप, प्लेग, तुला आठवत असेल. घरात उंदीर मरून पडला की मेहरूणची माणसं भांडीकुंडी उचलून शेतातल्या झोपड्यांत जायची. तुझ्या माहेरची झोपडी आमच्या शेजारी होती, आणि तिथंच तू मला वाचायला शिकवलंस. मी शब्द गाळला की तू पाटीवर टिचकी मारायचीस आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचीस. तेव्हापासून आपल्या गल्लीतल्या माणसांना रोग म्हटलं की आधी जनावर दिसतं. सूचना लिहिताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

मंगळवारी इथं धनसिंग नावाचा गाडीवान आला. तुझ्या सासऱ्यांचा, आबांचा, कापूस वाहायला तो दसऱ्यापासून तुमच्याकडे होता. गाव इकडचं, दिवाळीला घरी परतला आणि तिसऱ्या दिवशी पडला. तो मला ओळखत नव्हता, शिवाय माझ्या तोंडाला कापड बांधलेलं होतं. ताप १०४, श्वास मिनिटाला चाळीस, पण बोलायची हौस दांडगी. म्हणाला, 'तठे आते काय भ्याव नही, बाई. बठ्ठा कुत्रा मारी टाकात. शिकेल बाईना कागद उना व्हता, तो खोटा कसा व्हई?' मी विचारलं, शिकलेल्या बाईचा तो कागद कुणी वाचला. म्हणाला, आबांच्या सुनेनं, ओट्यावर उभं राहून, सगळ्या गल्लीसमोर. मी तारीख विचारली. कोजागिरीचा दुसरा दिवस. भाकरीत कुचल्याचं विष कालवून घातलं होतं. मग हसून, खोकून तो म्हणाला, 'एक भुरी कुत्री मोठी हट्टी व्हती. कोनाबी हातनं खाये नही. मंग आबानी सून उनी, तिना हातनं खाई लिधं.'

मी त्याचा ताप तक्त्यावर लिहिला आणि पुढच्या चटईकडे गेले. चौथ्या दिवशी तो गेला.

सुंदर, त्या दिवशी पुनाला ताप होता आणि रुपचंद आबा ओट्यावर उभे होते, हे मी धरून चालते. तू घाबरली असशील. घाबरलेल्या आईकडून मी भुरीचा जीव मागितला नसता. तू 'तिला घेऊन जा' अशी एक ओळ लिहिली असतीस, तर चाळीसगावची गाडी धरून मी दुसऱ्या दिवशी आले असते. पण तिसऱ्या पानावरचं ते वाक्य तू गाळलंस. माझीच बाकीची वाक्यं माझ्या नावानं वाचून ताप कुत्र्यांपासून येतो असं गल्लीला वाटू दिलंस, माझीच सूचना पाळून तिला स्वतःच्या हातानं घातलंस, आणि मग मला लिहीत राहिलीस की ती दूध पिते.

कुत्री मारली, रोग गेला, असं समजून गल्ली दिवाळीत पारावर खेटून बसली. त्यानंतरच्या तुझ्या कार्डांतच आहे: ताईबाई गेल्या, नथ्थूची बायको गेली, हिलालची दोन्ही मुलं गेली.

हे सारं मी येऊन तोंडावर बोलू शकले असते. गुरुवारी मी येतेच आहे. तरी लिहिते आहे, कारण परवाच्या कार्डात एक ओळ आणखी आहे. नथ्थूची शेळी खोकते, आणि आबांचं म्हणणं आहे की आता शेळ्यांचंही बघायला हवं. त्या शेळ्यांच्या दुधावर गल्लीतली निम्मी आजारी मुलं आहेत. माझं सांगणं तिथं कुणी ऐकणार नाही; गल्लीचा विश्वास तुझ्या तोंडून वाचलेल्या कागदावर आहे. म्हणून गुरुवारच्या आत हे पत्र ओट्यावर उभी राहून वाच. तिसऱ्या पानावरचं ते वाक्य वाच. खोकणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा, पारावर बसू नका, हे माझं सांगणं म्हणून वाच. भुरीनं कुणाच्या हातून खाल्लं, तेही वाच. काही गाळलंस तर ओळ पुन्हा पहिल्यापासून घे. तू वाचलंस की नाही, ते मला नथ्थूच्या दारात शेळी बांधलेली दिसली की कळेल. भुरीचं भांडं तेवढं घासून माझ्या ओट्यावर ठेव.

गुरुवारपर्यंत तुझीच,
मंजुळा