शिंगावरची उलांडी

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि परवा तुम्ही मला म्युनिकच्या बाहेर एका तंबूत भेटलात. थट्टा नाही करत.

आमच्या ऑफिसातले एक साहेब, नुकतेच रिटायर झालेले, मला त्यांच्या फेरआइनच्या, म्हणजे मंडळाच्या, कॅम्पला घेऊन गेले. तिथे चांगले शिकलेसवरलेले जर्मन हरणाच्या कातड्याचे अंगरखे घालून, जुन्या अमेरिकेतले शिकारी बनून, लाकडाच्या जाळावर कॉफी उकळत बसतात. मी मनात म्हटलं, काय एकेक खुळं! साहेबांनी घोंगडीतून हळूच आपला ठेवा काढला. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, वर कोरलेली नदी, किल्ला आणि होडी. "आल्झो, तर हे दोनशे वर्षांचं आहे, अस्सल," ते म्हणाले. "पण ही होडी बघ. तिकडच्या नद्यांवर अशी कुठेच नव्हती. सहा वर्षं पुस्तकं धुंडाळतोय मी." होडीच्या अंगाला उलांडी होती. कलंडू नये म्हणून आपल्या खाडीत होडीच्या बाजूला लाकूड बांधतात, तीच. अग्गबाई, ही तर तुमच्या हातची!

आपल्या घराच्या पडवीत तुम्ही शिंग कोरत बसला आहात. मुंबईच्या एक्स्पोर्टवाल्यानं दिलेलं चित्र खांबाला चिकटवलंय. मी नववीत आहे, मला अक्कल फार. चित्रातल्या होडीला उलांडी नाही, असं मी दाखवते आणि तुम्ही खेकसता, "गप बस. उलटली तर आतल्या माणसांनी काय करायचं?" आई स्वयंपाकघरात चहाचं पाणी उकळतेय, प्यायला नव्हे, शिंग बुडवून जुनाट दिसावं म्हणून. "अहो, अमेरिकेतली माणसं ती, पोहत असतील," ती म्हणते आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार होतो. तुम्ही ते शोभेची वस्तू म्हणूनच दिलंत. मधल्या कुणी त्याला अस्सल केलं, देव जाणे.

साहेबांनी शिंग माझ्या हातात ठेवलं. मी उलांडीवरून बोट फिरवत राहिले, डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं असणार. "तुला यातलं कळतं वाटतं," ते म्हणाले. "तुझे वडील काय करायचे?"

म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणून गप्प बसले, असं मी परतताना एस-बानच्या लोकलमध्ये स्वतःला बजावत होते. ते साफ खोटं आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगते. मी गप्प बसलेच नाही, अण्णा. इथे आल्यापासून सगळ्यांना जे सांगत आलेय, तेच तुमचं शिंग हातात धरून सांगितलं. म्हटलं, हायस्कुलात मास्तर होते.