नव्वद जोड हातमोजे

बिरवाडी
३ फेब्रुवारी २०२५

ति. महिपतीकाकांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. कारखान्याला मी भट्टीवर घालायचे चारशे जोड हातमोजे शिवून दिले. साठ रुपये जोड, बिल चोवीस हजारांचं. काल तिथून डेबिट नोट नावाचा कागद आला: तीनशे दहा जोड नापास, रुपये अठरा हजार सहाशे. एवढे पैसे आता मीच भरायचे का? माझ्याबरोबर शिवणाऱ्या बनुबाई म्हणाल्या, शिक्का हाय गो यावर, पोलीस येतील. ओंकार त्याच कारखान्यात भट्टीवर आहेत, पण त्यांना सांगायचा धीर होत नाही. जुनं बिल फाडून कमी रकमेचं नवं करू का?

रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.

आपली पुतणी,
अनुपमा

पोलादपूर
५ फेब्रुवारी

चि. सौ. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

बनुबाईंनी वकिली कधी सुरू केली? चाळीस वर्षं मी दुकानांच्या वह्या लिहिल्या. डेबिट नोटेपायी कोणी तुरुंगात गेलेलं पाहिलं नाही. माल घेणारा एवढंच कळवतो की तुमच्या बिलातून इतके वजा धरले. तू काही भरायचं नाहीस. उलट पाच हजार चारशे तुझं येणं उरतं.

बिल फाडशील तर खबरदार! ते जसंच्या तसं राहू दे. आधी नापास माल परत माग, मोज, जोड न जोड डोळ्यांखालून घाल. पटलं तर त्याच बिलाचा नंबर घालून तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट दे, म्हणजे तेवढे पैसे सोडल्याचा आपला कागद. नाही पटलं तर तसं लेखी कळव. जावईबापूंपासून मात्र लपवू नकोस.

म्हाताऱ्यावर लोभ आहेच, तो चार ओळींत दिसूही दे.

तुझा,
महिपतीकाका

बिरवाडी
११ फेब्रुवारी

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी माल परत आला. तीनशे दहा बरोबर भरले. एक जोड तापल्या तव्यावर दाबून पाहिला, तर शिवण वितळली आणि बोटं सुटी झाली. काका, सुती दोरा संपला तेव्हा मी महाडहून नायलॉनचा स्वस्त दोरा आणला होता. कोणाला कळतंय, असं म्हटलं होतं मी. लाज वाटते.

मग उरलेले नव्वद आठवले. ते पास झालेच नव्हते. कारखान्याने घाईत तपासणीआधीच ते भट्टीवरच्या माणसांना वाटून टाकले होते, म्हणून नोटेत नव्हते. एक जोड ओंकारांच्या डब्याच्या पिशवीत होता आणि ते पाळीवर गेलेले.

मी धावतच गेटवर गेले. पुढचं काम जाईल ही भीती वाटेत कुठे राहिली, कळलं नाही. स्टोअरच्या साहेबांना दोऱ्याचं सगळं सांगितलं. पूर्ण चारशे जोडांची, चोवीस हजारांची क्रेडिट नोट तिथेच लिहून दिली आणि म्हटलं, मला एक रुपया नको, पण जोड आत्ता काढून घ्या. ओंकारांनीच भट्टीवर फिरून ते गोळा केले.

साहेब म्हणाले, कागद जुळला, विषय मिटला, पुन्हा काम मागायला येऊ नका. ते मला मान्य आहे. पण गोळा केलेल्या जोडांचं पोतं मी तीनदा मोजलं, काका. एकोणनव्वदच भरतात. एक जोड कोणाच्या हातात आहे, कोणालाच ठाऊक नाही, आणि आत्ता दुपारच्या पाळीचा भोंगा झाला.

तुमचा आशीर्वाद आज त्या माणसाला द्या, माझं नंतर बघू.

आपली,
अनुपमा