मशरूमवर मारलेलं पाणी

३ फेब्रुवारी
न्हाई, मी मशरूम खात न्हाई. कुणी इचारलं न्हाई, तरी लिहून ठेवते. सोयाबीनच्या भुसकटाच्या पिशवीतून कानासारखं काहीतरी निघतं, त्याला काय भाजी म्हणायचं! पण सुनेचा, रेखाचा, सारा जीव त्या पत्र्याच्या खोलीत. राजूरचा एक हॉटेलवाला घेतो म्हणे. काल संजूचा फोन, संभाजीनगरहून. "माय, ही खेप नासली तर खोली बंद. रेखाला अन् पिंकीला इकडंच आणतो."
आण म्हणलं. माझं काय अडलंय. नात रात्री अंगावर पाय टाकते, तेवढी तरी झोप होईल.

७ फेब्रु.
मशरूमच्या कानांवर पिवळे डाग. बोट लावलं तर चिकट, शेंबडासारखं. वास मेलेल्या उंदराचा. शेजारची कमल आल्ती, नाकाला पदर लावून. "नजर लागली वो बाई. लिंबू-मिरची बांधा दाराला."
तुझ्या तोंडाला बांध म्हणलं. गेली फणफणत.

८ फेब्रु.
तालुक्याहून कृषीचे साहेब आल्ते. बूट चकाचक. "जिवाणूमुळं सड लागली." सड लागली हे मलाबी दिसून राह्यलं, त्याला साहेब कशाला पाह्यजे.
मंग म्हणे, पाणी कोण मारतं?
रेखा म्हणली, मीच. सकाळ-संध्याकाळ, वरून. बाजारात मेथीवर मारतो तसं.
"मेथी न्हाई ती, ताई. वरचं पाणी वाळायच्या आत दुसरं मारलं की सडणारच. खाली जमिनीवर मारा. अन् हवा कुठून येते इथं?"
खिडकीवर माझं बारदान, ओलं करून टांगलेलं. भाजी झाकायचं.
रेखानं माझ्याकडं पाह्यलं. पाह्य की. मीच शिकवलं. सारी उमर बाजारात बसले. वाळकी मेथी कोण घेतं?

९ फेब्रु.
सडक्या पिशव्या लांब खड्ड्यात पुरल्या. रेखा रडून राह्यली. म्हणलं, "इथंबी पाणीच मारून राह्यली का? उचल जल्दी." हसली मंग, नाक पुसत.
बारदान काढलं. आता साबणानं हात धुवायचे अन् मंगच आत जायचं. लग्नाच्या पंगतीला कुणी एवढे धूत न्हाई. सारा नखरा. धुते.

१६ फेब्रु.
उरलेल्या पिशव्यांतून नवे कान. पांढरे, कोरडे. कोपऱ्यातल्या एका पिशवीवर पुन्हा पिवळं. रेखाला दाखवलं. तोंड उतरलं तिचं. "आत्याबाई, ह्यांना सांगू नका." पिशवी उचलून खड्ड्याकडं गेली.
तेवढ्यात संजूचा फोन. उद्या येतो, पत्रे काढायला माणूस घेऊन. "माय, खरं सांग. खेप साधली का नासली?"
येऊन पाह्य म्हणलं. हात धुऊन आत जाय.
"पण तुला काय वाटतं? खोली ठेवू का काढू?"
फोन ठेवून दिला.
मला काय वाटतं ते त्याला सांगितलं न्हाई, इथंबी लिहिणार न्हाई. बस.