जुम्म्याची रात

१९ मार्च १९४८, शुक्रवार

सकाळी कोट कापायला घेतला, खडूची रेघ मारली तोच ठाण्याची घंटा. वाजायची थांबेना. कात्री तशीच टाकून गेलो.

हवालातीतला कैदी पळाला. हिंदुस्थानातल्या वाशीमकडून निजामाची हद्द ओलांडून आलेला तरणा मुलगा, मंगळवारी धरला होता, जवळ चिंध्या आणि घासलेटचा डबा. जाऊन पाहतो तर कुलूप जागच्या जागी आणि अख्खं दार बिजागरीतून उचलून भिंतीला टेकवलेलं. नीट ठेवलेलं होतं हो, पडू नये असं. त्या बिजागरीबद्दल माझा जावई लक्ष्मण, ठाण्यातला शिपाई, दिवाळीपासून ओरडतो आहे.

काल रात्री पहाऱ्याला कोणी नव्हतंच. लक्ष्मण तर माझ्याकडे. गोदाच्या हातची भाकर आणि हरभऱ्याची भाजी खाऊन माझ्याच अंगणात घोरत होता. पाळी ठाण्यातले जुने शिपाई हुसेनखाँसाहेब यांची होती आणि खाँसाहेबांचा पत्ता नाही.

दुपारी लक्ष्मणला ठाण्यात बसवून ठेवलं. बहिणीचा मुलगा, त्यात सरकारी नोकर, म्हणून एकुलती गोदा दिली होती. तिनं आज अन्नाला हात लावला नाही.

२० मार्च, शनिवार

उलगडा झाला. हसावं की कपाळ बडवावं कळेना.

खाँसाहेबांना दर्ग्याच्या संदलाला, उरुसाला जायचं होतं. बुधवारी ते ल.ला म्हणाले, "जुम्मे की रात तू संभाल, लछमन." ल. व्हय म्हणाला. ईद आली की ल. त्यांची पाळी करतो, दिवाळीला ते ल.ची. बरीच वर्षं चाललं आहे, वरच्यांना न विचारता. ल. नोकरीला लागला तेव्हा बंदूक धरायला यांनीच शिकवलं.

पण त्यांचा दिवस दिवेलागणीला सुरू होतो. त्यांची जुम्म्याची रात म्हणजे जुम्म्याच्या आदली, आमची गुरुवारची. ल. समजला शुक्रवारची. गुरुवारी दिवस बुडताना संदलाची बैलगाडी सुटत होती, ल. येतोच आहे म्हणून खाँसाहेब चढले. इकडे ल. माझ्याकडे जेवायला.

दोघांनीही ठाण्याच्या मुख्य अमीनसाहेबांना हेच सांगितलं, वेगवेगळं विचारलं तरी हेच. साहेब म्हणाले, "ये कहानी हैदराबाद लिखूँ तो पहले मेरी वर्दी उतरती." म्हणजे खरं ते लिहायचं नाही. दुसरं काहीतरी लागेल.

२२ मार्च, सोमवार

मी शिंपी. गावातले दोन्ही पक्ष मी कापडावरून ओळखतो. एक खाकी, रझाकारांची. एक खादी, काँग्रेसवाल्यांची. माप दोघांचं मीच घेतो.

आज आधी खाकी आली. त्यांचा म्होरक्या, त्याला सालार म्हणावं लागतं, शर्टाची बाही दाखवायला हात पसरून उभा. म्हणाला, "हिंदू जवान रखे तो यही होता. दरवाजा लछमननेच खोला." मी म्हटलं, दार बिजागरीतून निघालं, बिजागरी सडकी होती. तर म्हणतो, "दर्जी, तू सुई देख."

तो गेला आणि आप्पाराव आले. इथले मोठे जमीनदार, खादीचे. चोळखणाखाली तिरंग्याचं कापड लपवून आणलेलं. कानाशी येऊन म्हणाले, "जावई वाघ निघाला तुमचा."

"अहो, तो जेवून राहिला होता माझ्या घरी."

"बराबर. तुमी असंच सांगत जा. आमी समजतो."

आणि डोळा मिचकावला. हेही बिजागरी मानेनात. सालारला ल. फितूर हवा, आप्पारावांना ल. वाघ हवा, आणि दोघांचंही म्हणणं एकच की दार त्यानं उघडलं. एका गावात या दोघांचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यात माझा जावई फासावर जायचा.

२४ मार्च, होळी

हद्दीवरचा करोडगिरीचा, जकातीचा नाका जाळला. तोच पळालेला मुलगा होता म्हणतात. आत एक चपराशी झोपलेला, भाजून मेला. आपल्याच गावच्या मेंढकऱ्याचा, सखाराम धनगराचा थोरला.

खादीवाले नाका जळाला एवढंच बोलतात. खाकीवाले नाका जळाला एवढंच बोलतात. सखाराम माझ्याकडे पांढरं कापड न्यायला आला, मी मोजून फाडून दिलं, तेवढंच. होळी पेटवू नका म्हणून कोणाला सांगायलाही गेलो नाही. पेटवली त्यांनी.

२ एप्रिल, शुक्रवार

ल.ला हिंगोलीला नेलं. गोदा गाडीमागं नाल्यापर्यंत गेली, मग बसली तिथंच. उचलून आणावं लागलं. मारतील का, एवढंच विचारते. मी न्हाई म्हणतो. मारणार हे तिलाही माहीत आहे.

११ एप्रिल, रविवार

काल पाडवा. गुढी उभारली नाही.

खाँसाहेब आले, ओट्यावर टेकले. सालार रोज त्यांच्या दारी जातो आहे. मंगळवारी हिंगोलीत त्यांचं बयान आहे. त्यांनी एवढंच म्हणायचं, की मी लछमनला जुमेरात सांगितलं होतं. जुमेरात म्हणजे साफ गुरुवार, मग समजुतीचा घोळ उरत नाही. ल. मुद्दाम आला नाही असं ठरतं. आणि जुम्मे की रात म्हटलं तर घोळ खाँसाहेबांचा, पहारा सोडून गेल्याचा गुन्हाही त्यांचाच. एका शब्दावर आलं आहे सगळं.

मी विचारलं नाही, काय बोलणार. कसं विचारू? त्यांनाही बायको आहे, नोकरी आहे. चहा प्याले. जाताना म्हणाले, "गोदाकू बोलो, खाना खाना."

१५ एप्रिल, गुरुवार

खाँसाहेब म्हणाले, जुम्मे की रात.

बडतर्फ. काल हिंगोलीहून परत येताना शिवेवर खाकीनं गाठलं. आपल्याच माणसांनी. उजवं मनगट मोडलं, पुढचे दात गेले. हाडवैद्यानं कामट्या लावून मनगट बांधलं आहे. कुडत्याची बाही त्यावरून जाईना म्हणून हमीदाबी, त्यांची बायको, कुडतं घेऊन आल्या. उसवून पट्टी घातली, रुंद केली. शिवताना डोळ्याला पाणी आलं, दोरा ओवता येईना. या माणसाचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही.

१८ एप्रिल

ल. सुटला. मुअत्तल केला आहे, नोकरी तूर्त बंद, पण सुटला. पाठ पाहवत नाही. आल्या आल्या आधी खाँसाहेबांच्या घरी गेला, मग गोदाकडे. मला बरं वाटलं.

जुलै, तारीख काढली नाही

पाऊस. काम नाही. खाकी तेवढी शिवतो, न शिवून सांगतो कोणाला. वरच्या गल्लीतली दोन घरं हद्दीपलीकडे निघून गेली.

ल. दिवसभर ओट्यावर. येणारी जाणारी पोरं हळूच "वाघ" म्हणतात. आधी तो चिडायचा, "वाघ कशाचा, भाकर खाऊन राहिलो होतो." मग नुसता न्हाई म्हणायचा. आता हसतो. काल एकानं विचारलं, दार एकट्यानं कसं उचललं? ल. म्हणाला, "खांदा लावला की निघतं." म्हणजे बिजागरीबद्दलच बोलला. पण ऐकणाऱ्याला काय वाटलं ते मी पाहिलं, आणि ल.नंही पाहिलं.

१९ सप्टेंबर, रविवार

हिंदुस्थानची फौज आली. मोगलाई संपली म्हणतात. सालार कुठे गेला कोणाला ठाऊक नाही.

सकाळपासून दुकानात रीघ. आप्पारावांना तिरंगे हवेत, वाड्यावर, ठाण्यावर, देवळावर. आणि मागच्या दारानं खाकी आणून देतात, उसवून द्या, गोधडीत घाला, काळी रंगवा. यातली कितीतरी मीच शिवलेली. शिलाई पक्की आहे, लवकर उसवत नाही.

२७ सप्टेंबर, सोमवार

खाँसाहेबांना धरलं. घरातून ओढत नेलं, त्याच हवालातीत. म्हणे खाकीचे होते. ज्यांनी खाकीचा मार खाल्ला ते खाकीचे. मी मधे पडलो तर एकजण म्हणाला, "मामा, तुमी काहून बोलून राहिले? तुमच्याच जावयाला यानं हिंगोलीला धाडलं." हे बोलणारा मुलगा माझ्यासमोर नागडा फिरत होता कालपरवापर्यंत.

ल.ला नव्या अंमलदारानं कामावर घेतलं. जमादार करणार म्हणतात. हवालातीच्या पहाऱ्यावर ल.च.

३ ऑक्टोबर, रविवार. घट बसले

देवळापुढं सत्कार. कैद्याला सोडवणारा वीर म्हणून ल.ला हार. कोट मी शिवलेला, खांद्यात चांगला बसला. आप्पाराव म्हणाले, दोन शब्द बोला. मी मनात म्हटलं, आता सांग. खाँसाहेबांनी पाळी सांगितली त्या बुधवारपासून सांग.

ल. म्हणाला, "व्हय. दार म्याच काढलं."

टाळ्या. 

घरी गोदानं ताट वाढलं नाही. म्हणाली, "त्या रातीला माझ्या हातची भाकर कोणी खाल्ली मंग?"

"लोकायनी कवाच ठरवलंय, गोदे. म्या न्हाई म्हणून कोण ऐकून राहिलं?"

"खाँसाब ऐकून राहिले. तिथंच हायेत हवालातीत, देवळामागं. टाळ्या ऐकल्या असतील त्यायनी."

तो तसाच उठला. जेवलाही नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

खाकीचे म्हणून हवालातीत टाकलेल्या दुसऱ्या दोघांना आज पायी हिंगोलीला नेलं. नाल्यात जमाव बसला होता. पोचले नाहीत. शुक्रवारी खाँसाहेबांना नेणार.

आप्पारावांकडे गेलो. म्हटलं, खाँसाहेबांच्या बयानामुळं माझा जावई जिवंत आहे, घोळ स्वतःचा असं त्यांनी सांगितलं. आप्पाराव शांतपणे म्हणाले, "घोळ कुठला? लक्ष्मणनं मुद्दाम सोडलं. परवा गावापुढं बोलला की. मंग तुमच्या खाँसाहेबानं वाचवलं कशातून?"

 जावयानं एका वाक्यात खाँसाहेबांचा साक्षीदार मारला, आणि तो साक्षीदार तो स्वतःच होता. अंमलदाराकडेही जाऊन आलो. त्याला मराठी येत नाही, माझं हिंदी त्याला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं.

७ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी हमीदाबी. तेच रुंद बाहीचं कुडतं, काखेत उसवलेलं. "कल पैदल ले जाते बोलते. फटा हुआ कैसा पहनेंगे?" दुसरं काही मागितलं नाही. पलीकडं वाशीमजवळ त्यांची नणंद असते, एवढं बोलल्या, ते कशाला बोलल्या मला कळलं. शिवून दिलं, म्हटलं मीच नेऊन देतो.

ल. हवालातीच्या दारात. मांडीवर बंदूक. मला पाहून उभा राहिला. कुडतं गजातून आत दिलं, खाँसाहेबांनी डाव्या हातानं घेतलं. दाराला नवं कुलूप लावलं आहे, मोठं. दार जरा हलवून पाहिलं. बिजागरी तीच आहे.

ल.ला म्हटलं, "आज जेवायला ये. गोदा भाकरी टाकून राहिली."

"आज माझी पाळी हाय, मामा."

"आज गुरुवार. तुला पाळी कोणत्या रातीची सांगितली?"

 म्हणाला, "हीच. सकाळी नेईपस्तोर."

"तुला जुम्म्याची समजली असंल. मागंबी समजली होती."

आत खाँसाहेबांची हालचाल थांबली. ल.नं मान खाली घातली, बंदुकीचा पट्टा सारखा करत बसला. म्हणाला, "जमादारी जाईल, मामा." मी म्हटलं, व्हय, जाईल. मारतीलबी. मग तसाच घरी आलो. माझ्या लेकीच्या कुंकवाशी मी काय करून आलो, याचा विचार वाटभर होता.

गोदाला सगळं सांगितलं. ती वाळल्या हरभऱ्याची भाजी भिजत घालायला उठली.

आत्ता दिवे लागले. खाँसाहेबांच्या हिशेबानं जुम्मा सुरू झाला, माझ्या हिशेबानं अजून गुरुवारच आहे. भाकरी झाल्या. गोदा ताट मांडून दारात उभी आहे, गल्लीत अजून कोणी दिसत नाही.