जे नुल्फोच्या नावावर, ते नुल्फोलाच

मी, सालोमे कातालबास, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, राहणार हारो, इलोइलो शहर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात करत आहे. रागावलेल्या बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून नोटरी वकील मिसेस हार्देलेसा यांनी मला आजचा वार, बाजारातला बांगूस माशाचा भाव आणि तीन हजार पेसोंच्या विक्रीवरचा कर विचारला. शुक्रवार, दोनशे दहा, नव्वद. तिन्ही उत्तरं बरोबर आली.

माझं यकृत आंब्याचा हंगाम संपेपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणतात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायची रीत आहे. माझी सूचना वेगळी आहे. याची एक प्रत आज दुपारीच माझा धाकटा भाऊ अर्नुल्फो, ज्याला गाव नुल्फो म्हणतं आणि मी तोतो, म्हणजे बाळ, म्हणते (तो मला मानांग म्हणतो, म्हणजे ताई), त्याच्या हातात द्यावी. त्याचं तोंड बघायचं राहून गेलं तर मला सुखाने मरण यायचं नाही.

पहिली गोष्ट वारसांची. आईवडील हयात नाहीत, नवरा केला नाही, मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्या मालमत्तेत कायद्याने कोणाचाही सक्तीचा वाटा नाही. भावाचाही नाही, हे मी वकीलबाईंना तीनदा विचारून घेतलं.

दुसरं, घर. हारोमधलं हे दोन खोल्यांचं घर, जागेसकट, मी रोसालिंदा पानेस हिला देते. लिंदा चौदा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांचे फोन घेते आहे. आता मी आजारी, तर ती मला पेज भरवते, आणि पेजेत मीठ कमी पडलं तर मी तिच्यावर ओरडते, तरी ती दुसऱ्या दिवशी परत येते. बँकेत जे शिल्लक असेल ते माझं दफन झाल्यावर तिचंच. मागच्या अंगणात नुल्फोच्या झुंजीच्या कोंबड्यांची खुराडी आहेत. ती न्यायला त्याला आठ दिवस मिळतील, नंतर लिंदाने कोंबड्यांचा रस्सा करावा.

माझी भावजय मारिबिक हिला लेचे फ्लानचा, म्हणजे अंड्या-दुधाच्या पुडिंगचा, एक साचा. माझ्याकडे आठ होते. एक तिने दोन हजार सोळाच्या नाताळात नेला आणि “हा माझ्या आईचा” म्हणून सांगितलं. तो तिच्याकडे आहेच, तो तिचाच राहो. उरलेले सात लिंदाला.

आता धंदा. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. वकीलबाई म्हणाल्या मोजकं लिहा, मी म्हटलं, पानाचे पैसे मी देते आहे.

हाँगकाँगमध्ये नऊ वर्षं मी परक्यांची भांडी घासली आणि पोरं सांभाळली. ज्या घरात होते तिथला मालक वेबसाइटना इंटरनेटवर राहायला जागा भाड्याने द्यायचा. मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घ्यायची, तिचे तुकडे करून शाळा, दवाखाने, बेकऱ्या यांना किरकोळीने द्यायची. त्याचे शर्ट मी त्याच्याच टेबलाशेजारी इस्त्री करायचे. इस्त्री करता करता मी सगळं पाहून शिकले. दोन हजार तीन साली मी नुल्फोला पैसे पाठवले, सोबत अधिकारपत्र पाठवलं आणि लिहिलं, माझ्या नावाने धंद्याची नोंदणी कर, मी परत येते आहे. परत आले तर भिंतीवर करखात्याचं नोंदणीपत्र चौकटीत लावलेलं आणि त्यावर नाव अर्नुल्फो कातालबास.

“तोतो, हे काय?”

“मानांग, तिथे म्हणाले, जो समोर उभा आहे त्याच्या नावाने लवकर होतं. आणि कागदच तर आहे! घरातल्या घरात नाव कोणाचं, काय फरक पडतो?”

मी मूर्ख. मी म्हटलं, खरंच, काय फरक पडतो.

त्यानंतर वीस वर्षं गिऱ्हाइकं मी आणली, बंद पडलेल्या वेबसाइटी मी चालू केल्या, पावत्या मी फाडल्या. दर तिमाहीला विक्रीकराचं पत्रक, आयकराचं पत्रक, वर्षाचं मोठं पत्रक, सगळं मी भरलं, आणि प्रत्येक पत्रकावर नाव त्याचं. तो डिसेंबरात यायचा आणि मालकाचा वाटा म्हणून अर्धा नफा घेऊन जायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. दर फेब्रुवारीत कांदेलारियाच्या जत्रेला पाहुणे जेवायला बसले की त्याची फुशारकी सुरू. कोणी विचारायचं, “नुल्फो, एवढा व्याप तू एकटा सांभाळतोस?” तर डुकराच्या कुरकुरीत कातडीचा तुकडा मोडत हा म्हणायचा, “करतो कसंतरी. मानांग हाताशी आहे ना, बिलं फाडायला.” मी वाढत असायचे. वाढतच राहायचे.

तेही मी गिळलं असतं. पुढचं गिळलं जात नाही.

दोन हजार नऊमध्ये माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्या एका तिमाहीचं पत्रक नुल्फोने भरलं, आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं. आता आमच्या धंद्यातली मेख ही आहे: गिऱ्हाइकाने हजार दिले, त्यातले सातशे आपण परदेशी कंपनीला दिले, हातात तीनशे राहिले. आयकर भरताना ते सातशे खर्चात जातात. पण विक्रीकर हजारावर बसतो, पूर्ण हजारावर. नुल्फोने विक्री म्हणून तीनशेच लिहिले. “खिशात उरलं ती विक्री,” असा त्याचा हिशेब. आणि मी बरी होऊन आल्यावर मला ताकास तूर लागू दिली नाही.

तीन वर्षांनी तपासणी आली. अधिकारीबाई सभ्य होत्या, खुर्ची दिली तर आधी मला म्हणाल्या, तुम्ही बसा. कागद पुढे ठेवून त्यांनी विचारलं, “हे कोणी भरलं?”

नुल्फोने माझ्याकडे बोट केलं. “माझ्या बहिणीने, मॅडम. तिला समजून घ्या. ती परदेशात मोलकरीण होती, तिला कुठून कळणार विक्री कशाला म्हणतात?”

लिंदा तिथेच होती, तिने ऐकलं. त्या दिवसापासून माझ्या कानात ते वाक्य आहे. मी काही बोलले नाही, कारण मी बोलले असते तर खोटं बोलल्याबद्दल तो अडकला असता, आणि तो माझा भाऊ होता. लहानपणी ताप आला की याला मी पाठुंगळी घेऊन डॉक्टरकडे नेलं आहे. म्हणून दंड भरला, व्याज भरलं, आणि त्यासाठी आईने मला दिलेली गिमारास बेटावरची आंब्यांची जागा विकली. नुल्फोने एक पेसो काढला नाही. वर मारिबिकला म्हणाला, “मानांगची चूक मानांगने निस्तरली, बरं झालं.”

मी त्या दिवशी ठरवलं की याला याचं नाव परत करायचं. बारा वर्षं लागली. मला घाई नव्हती.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी करखात्याच्या खिडकीशी स्वतः उभी राहिले आणि त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या नावाने धंदा नोंदवला. मग एकेका गिऱ्हाइकाला भेटले, खरं काय ते सांगितलं, आणि त्यांनी लेखी संमती दिल्यावर त्यांना माझ्याकडे घेतलं. सगळे आले, एकशे बारा. मागच्या नाताळात नुल्फो वाटा मागायला आला.

“मानांग, यंदा काहीच नाही?”

“तुझ्या धंद्यात काहीच उरलं नाही, तोतो.”

“मंदी,” तो म्हणाला, आणि हॅमचा मोठा तुकडा घेऊन गेला. वही उघडून बघायचं त्याला सुचलं नाही.

माझ्या नावाचा धंदा माझ्यासोबत संपेल. त्याची शेवटची पत्रकं भरून नोंदणी बंद करायचं काम लिंदाचं. गिऱ्हाइकं तिची, तिच्या स्वतःच्या नोंदणीवर. तिची नोंदणी मी मार्चमध्येच करून घेतली, आणि तिलाच खिडकीशी उभं केलं.

अर्नुल्फो कातालबास याला मी ते सर्व देते जे त्याच्या नावावर आहे. म्हणजे नोंदणीपत्र चौकटीसकट, अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं, आणि पत्रकं भरायचा पासवर्ड, जो त्याच्या सगळ्यात महागड्या कोंबड्याचं नाव आहे. वकीलबाई म्हणतात, हे आधीच त्याचं आहे, तुम्ही देऊ शकत नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी इथे लिहून ठेवते.

नुल्फो, नीट वाच. धंदा रिकामा झाला म्हणून नोंदणी मरत नाही. एका पेसोची विक्री नसली तरी विक्री शून्य असं पत्रक भरावं लागतं, दर तिमाहीला, वेळेवर. न भरलेल्या प्रत्येक पत्रकाचा दंड वेगळा, विक्रीकराचा वेगळा, आयकराचा वेगळा. मी आजवर एकही थकवलेलं नाही. तुझा कागद मी तुला स्वच्छ देते आहे. तुला तो भरता येईल, शिकलास तर. लिंदाने शिकवायचं नाही.

नोंदणी कायमची बंद करायची तर हिशेबाच्या जुन्या सगळ्या वह्या दाखवाव्या लागतात. त्या मी स्वतःच्या पैशाने घेतल्या, स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्या लिंदाच्या ताब्यात राहतील. तिने त्या नुल्फोला द्याव्यात, पण एका अटीवर. कांदेलारियाच्या जेवणाला, त्याच पाहुण्यांसमोर, त्याने उभं राहून म्हणावं: हा धंदा पहिल्या दिवसापासून मानांग सालोमेचा होता, आणि दोन हजार नऊचं पत्रक मी भरलं होतं. कुजबुजलं तर चालणार नाही. जत्रेच्या आधी घरी येऊन रडला तरी चालणार नाही.

हे लिहिताना लिंदा म्हणाली, “मानांग, जाऊ द्या ना. रक्ताचा भाऊ आहे.”

“म्हणून तर अट घातली,” मी म्हटलं. “परक्याला मी सुटकेची वाटच ठेवली नसती.”

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो माझाच आहे, आणि मी एकही शब्द मागे घेत नाही. लिंदाला यातून मिळतं आहे, म्हणून ती साक्षीदार नाही. ती बाहेर कोंबड्यांना दाणे टाकते आहे. खालील तिघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर प्रत्येक पानाच्या डाव्या समासात सही केली.

साक्षीदार:
एफ्रेन दुमागो, पावतीपुस्तकं छापणारे
मिलाग्रोस तिरोल, बेकरीवाल्या, गिऱ्हाईक क्रमांक चार
विसेंते लुमावाग, निवृत्त शिक्षक

सही: सालोमे कातालबास, धंद्याची मालक

ठिकाण: हारो, इलोइलो.
दिनांक: २५ एप्रिल २०२५. सरल्या तिमाहीचं विक्रीकराचं पत्रक भरायचा आज शेवटचा दिवस होता. नुल्फोचं मी सकाळी नऊ वाजता भरलं. पुढची तारीख २५ जुलै. ती त्याची.