दुप्पट प्रकाश

३ मार्च

माझी कल्पना. प्रयोगशाळेच्या बैठकीत, पडद्यावर, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडून!

साखऱ्या – नाव मीच ठेवलंय, बोलतोच तसा गोड – म्हणाला, “अणूंच्या धाग्याचा अर्धा भाग पात्याने झाकायचा. उरलेल्यावर क्षणभर लेसर.” ते पातं मी घासलंय, बोटं सोलून घेऊन! सर म्हणाले, “वा.” होणाऱ्या लेखावर पहिलं नाव त्याचं. माझं कुठेतरी शेपटाला.

४ मार्च

आई फोनवर – “जाऊ दे गं, किती मनाला लावून घेशील?”

नाही जाऊ देणार.

९ मार्च

सॉलिटॉन दिसला. जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत गार केलेल्या अणूंचा बारीक धागा, आणि उजेड-सावलीच्या सीमेवर पडलेली एक काळी खाच. साधी लाट पसरते, विरते. ही आहे तशी चालत राहते. इतकी देखणी की मी घटकाभर राग विसरले. मग साखऱ्याने टाळी मागितली. दिली. नंतर हात धुतला.

शुक्रवारी अनुदान समितीचे पाहुणे येणार. साखऱ्या करून दाखवणार. दाखव म्हणावं!

१३ मार्च, सकाळ

सगळ्यांच्या आधी पोचले. लेसरची वेळ दुप्पट केली. एकच आकडा. आता धागा विस्कटेल आणि स्वारी चारचौघांत तोंडावर आपटेल. कोणी विचारलंच तर कानांवर हात.

निघताना तो जिन्यात भेटला. “आज लवकर?” मी म्हटलं, “झोप लागली नाही.”

१३ मार्च, दुपार

पहिलं चित्र – नुसता गढूळ पट्टा. मनात उकळ्या फुटत होत्या. सरांनी आकडा पाहिला. “याला हात कोणी लावला? तो उद्यापासून इथे नको.” मी वहीत डोकं खुपसलं.

साखऱ्या म्हणाला, “मी, सर.”

तेवढ्यात पुढची, जरा उशिराची चित्रं उमटली. गढूळ लाटा विरलेल्या. उरल्या होत्या दोन काळ्या खाचा. एकमेकींवर चालून आल्या, आरपार गेल्या, दोघी धडधाकट. याच टकरीसाठी सर वर्षभर झुरत होते. त्यांनी साखऱ्याला मिठी मारली. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

१४ मार्च

जिन्यात गाठलं त्याला. “का केलंस?”

“तुझी नोकरी गेली असती.” मग खाली बघत – “आणि त्या दिवशी कल्पना तुझी आहे म्हणायला माझं तोंड उघडलं नव्हतं.”

नव्या लेखावरही पहिलं नाव त्याचंच. आता तोंड मला उघडता येत नाही. आणि त्याला साखऱ्याही म्हणवत नाही.